पाणी आणि त्याचे वाटेकरी

झाशी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ८५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुरंदरच्या कोरडवाहू शेतकऱ्यास हा आकडा हेवा वाटावा असा आहे. परंतु बुंदेलखंडाची भूमी ग्रॅनाइट खडकाची. वरचा मातीचा थर बहुधा पातळ. पाणी फारसे मुरत नाही, नदीनाल्यांतून वाहून जाते. म्हणूनच चंदेल व बुंदेल राजांनी ठिकठिकाणी तलाव बांधले. बरुआसागरचा तलाव त्यांपैकीच एक. पुढे कित्येक तलाव गाळाने भरले आणि पाणी वाहणाऱ्या स्त्रियांची पायपीट वाढली.

या स्त्रियांना संघटित करण्याचे कार्य परमार्थ समाजसेवी संस्थानाने २०११ मध्ये ‘जलसहेली’ या नावाने आरंभिले. गावोगाव पाणी पंचायती स्थापन झाल्या. झाशीजवळच्या घुरारी नदीवर जलसहेलींनी पोत्यांत वाळू भरून बंधारा घातला (आपल्याकडे याला वनराई बंधारा म्हणतात), आणि २०२४ साली ही वार्ता आकाशवाणीवरून देशभर गेली. विहिरीवर घडा कोणी आधी भरावा हे जेथे जातीवरून ठरत आले, तेथे निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांनी एका संघटनेत यावे, ही घटना बंधाऱ्याहून लहान नव्हे.

तथापि एक प्रश्न उरतोच. पाणी अडले की भोवतालच्या विहिरींची पातळी वाढते. विहीर मात्र जमीनमालकाची असते. पोती उचलणाऱ्या भूमिहीन स्त्रीच्या वाट्यास घागरभर पाणी येते. उरलेले इंजिनाने दुसऱ्याच्या गव्हास जाते.

‘पाणी पंचायत’ हे नाव मराठी वाचकांस परिचित आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे नेमक्या याच प्रश्नास हात घातला. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातील माणसांवर ठरला: माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनांसही वाटा मिळाला. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जात नसे. ऊस वर्ज्य होता. महाराष्ट्रात हे केवढे धाडस, ते सांगावयास नको. पाण्याचा हक्क हाती असलेला भूमिहीन मनुष्य दुसऱ्याची जमीन वाट्याने करताना बरोबरीने बोलू शकतो.

झाशीकडील पंचायतींचा भर अद्याप मुख्यतः पिण्याच्या पाण्यावर आहे, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु पोत्यांचा बंधारा फार वर्षे टिकत नाही. तो पुन्हा घालावा लागतो. शेतीच्या पाण्यातील वाट्याची बोलणी करण्यास तीच वेळ योग्य, कारण तेव्हा जमीनमालकालाही भूमिहीनांच्या हातांची गरज असते.