घरचा संगणक मंदावतो तेव्हा

आपल्या बहुतेक सभासदांच्या घरी आता संगणक आहे. दुकान बंद झाल्यावर जमाखर्चाच्या नोंदी, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, मुलांचा अभ्यास आणि परगावच्या आडत्यांशी पत्रव्यवहार ही सर्व कामे त्याच एका यंत्रावर चालतात. ते मंदावले, मध्येच गोठले किंवा एकाएकी बंद पडू लागले म्हणजे घरात दोनच सूचना ऐकू येतात : ‘नवा घ्या’, नाही तर ‘सर्व पुसून पुन्हा भरा’. नाडी पाहिल्यावाचून वैद्य मात्रा देत नाही. तोच क्रम येथेही पाळावा, असे आम्हांस सुचवावयाचे आहे. पुढील विवेचन विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांस धरून केले आहे.

प्रथम प्रत, मग परीक्षा

यंत्र पुन्हा विकत आणता येते, खतावणी आणता येत नाही. वस्तू व सेवा कराच्या कायद्यान्वये हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षीच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. म्हणून दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी सर्व हिशेबांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते की नाही हे पाहावे. बिघाडाचे मूळ कित्येकदा आतील हार्डडिस्कमध्येच असते. दीर्घ तपासणीने मरणोन्मुख डिस्कवर ताण वाढतो व राहिलेली माहितीही जाते. डिस्कमधून टक्‌टक् असा आवाज येत असल्यास यंत्र तत्काळ बंद करावे. हिशेबाची दुसरी प्रत नसेल तर घरी प्रयोग न करता जाणकाराकडे जावे.

लक्षणांची नोंद

संगणकाशेजारी एक लहान वही ठेवावी. बिघाड कोणत्या दिवशी, किती वाजता व कोणते काम चालू असता झाला आणि पडद्यावर कोणता संदेश आला, हे तीत लिहावे. प्रणाली कोसळते तेव्हा निळा पडदा दिसतो. २०२५ पासून विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत तो काळा झाला आहे. त्यावरील सांकेतिक शब्द टिपून घ्यावा. विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ हे साधनही अशा घटना तारीखवार दाखविते. आठ-दहा नोंदी जमल्या म्हणजे दोषाची दिशा दिसू लागते.

गादी आणि गोदाम

संगणकाची स्मृती, म्हणजे रॅम, ही पेढीवरील गादीसारखी असते, तर डिस्क ही गोदामासारखी. गादीवर जागा उरली नाही की प्रत्येक वहीसाठी गोदामात धाव घ्यावी लागते आणि काम खोळंबते. हे तपासण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबाव्यात. उघडणाऱ्या ‘टास्क मॅनेजर’मध्ये प्रोसेसर, स्मृती व डिस्क ह्यांवरील भार शेकड्यात दिसतो.

स्मृती सतत भरलेली असेल तर यंत्र सुरू होताच आपोआप उघडणारे अनावश्यक कार्यक्रम त्याच ठिकाणी ‘स्टार्टअप’मधून थांबवावेत. विषाणुरोधक कार्यक्रम एकच असावा. असे दोन कार्यक्रम एकत्र ठेवल्यास ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. चार जीबी स्मृतीवर आजचे काम ओढाताणीने चालते, आठ जीबी केल्यास पुष्कळ आराम पडतो.

काही काम चालू नसताही डिस्कवरील भार १०० टक्के दिसत असेल तर फिरत्या तबकडीच्या जुन्या डिस्कवर संशय घ्यावा. अशी तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. नव्या एसएसडी डिस्कमध्ये फिरणारा भागच नसतो. जुन्या यंत्राची चाल एवढ्या एका बदलाने जितकी सुधारते तितकी क्वचितच दुसऱ्या उपायाने सुधारते. डिस्क कोणतीही असो, ती काठोकाठ भरू देऊ नये.

उष्णता व वीज

सकाळी नीट चालणारे यंत्र अर्ध्या तासाने मंदावते व पंखा घोंघावतो, हे उष्णतेचे लक्षण होय. प्रोसेसर तापला की स्वतःच आपली गती कमी करतो आणि फारच तापला तर यंत्र बंद पाडतो. प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून, हवेच्या झोताने धूळ काढावी. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नये, कारण त्याने हवेची वाट बुजते. कोणताही संदेश न देता यंत्र अचानक बंद होत असेल तर विद्युत्‌पुरवठा करणारा भाग किंवा घरातील विजेचा चढउतार तपासावा. त्या भागाचे झाकण मात्र स्वतः उघडू नये.

प्रणालीतील दोष

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा. तेथे तो सुरळीत चालला तर दोष बहुधा मागाहून घातलेल्या कार्यक्रमात किंवा ड्रायव्हरमध्ये असतो. अलीकडे घातलेले कार्यक्रम एकेक करून काढावेत. सर्व एकदम काढल्यास दोषी कोणता ते कळत नाही. सेफ मोडमध्येही तो कोसळला तर ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ने स्मृतीची परीक्षा घ्यावी. तीत दोष निघाल्यास ती पट्टी बदलणे हाच उपाय.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे यंत्र मंद होत नाही. परंतु सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळण्याची तजवीज नसलेल्या यंत्रावर पेढीचे हिशेब व बँकेचे व्यवहार ठेवणे धोक्याचे होय.

एक सावधगिरी

पडद्यावर ‘आपला संगणक बिघडला आहे, ह्या क्रमांकावर दूरध्वनी करा’ असा संदेश आला तर तो क्रमांक कदापि फिरवू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत दूरध्वनी क्रमांक नसतो. अनोळखी माणसाच्या हाती दूरवरून यंत्राचा ताबा देणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणेच होय.

दुरुस्तीस जाण्याची वेळ आलीच तर नोंदींची वही बरोबर न्यावी व हिशेबाची प्रत घरीच ठेवावी. कारागिराचा वेळ वाचतो, नको त्या भागाची खरेदी टळते, आणि यंत्र परत येईपर्यंत पेढीचे काम दुसऱ्या संगणकावर चालू ठेवता येते.