दूरच्या कपाटातील कागद

प्रस्तावना

नोएडा हे नाव मुळात आद्याक्षरांचे बनलेले आहे, हे तेथे राहणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानातही नसते. 'न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी' हे प्राधिकरण १७ एप्रिल १९७६ रोजी स्थापन झाले आणि त्याच्या नावातील पहिली अक्षरे शहराला चिकटली. आज तेथे तयार कपड्यांचे निर्यातदार आहेत, संगणक-आज्ञावली तयार करणाऱ्या कंपन्या आहेत, आणि सेक्टर ६२ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानाचे मुख्यालयही आहे. संस्थानाच्या विषयांत 'डेटा एन्ट्री ऑपरेशन्स' हा एक विषय आहे. तो शिकून कार्यालयात रुजू झालेल्या व्यक्तीला एक प्रसंग केव्हातरी हमखास भेटतो : स्वतःच तयार केलेली फाईल उघडायला जावे आणि संगणकाने 'परवानगी नाही' असे उत्तर द्यावे. टंकलेखनाचा सराव अशा वेळी उपयोगी पडत नाही. त्या उत्तरामागे काय असते, हे या पाठात तुम्हांला वाचायचे आहे.

पाठ

घरातील संगणकावर आपण पत्र लिहितो, तेव्हा ते त्याच संगणकाच्या डिस्कवर राहते. कार्यालयात मात्र बहुधा तसे नसते. तेथे टेबलावरच्या संगणकात 'डॉक्युमेंट्स' नावाचा फोल्डर दिसतो खरा. पण त्यातील कागद प्रत्यक्षात दुसऱ्या खोलीतील, क्वचित दुसऱ्या शहरातील सर्व्हरवर असतात. फोल्डरची वाट अशी सर्व्हरकडे वळवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने 'विंडोज २०००' या प्रणालीबरोबर दिली. तिचे लाभ उघड आहेत. कर्मचारी कोणत्याही टेबलावर बसला तरी त्याचे कागद त्याच्यासमोर येतात, टेबलावरचा संगणक बिघडला तरी काम बुडत नाही, आणि रात्री एकाच ठिकाणाहून सर्वांच्या कागदांची जादा प्रत घेता येते. अडचण एवढीच, की कागद दूर गेले की त्यांवर पहारा आला.

हा पहारा दुहेरी असतो. जुन्या वाड्याची कल्पना करा. बाहेर दिंडी दरवाजा आणि आत प्रत्येक बिऱ्हाडाच्या खोलीला वेगळे कुलूप. नेटवर्कवरून सर्व्हरच्या सामायिक फोल्डरात येण्याची परवानगी म्हणजे दिंडी दरवाजा. डिस्कवरच्या प्रत्येक फोल्डराला आणि फाईलला जोडलेली परवानगी म्हणजे खोलीचे कुलूप. विंडोजमधील ही दुसरी व्यवस्था 'एनटीएफएस' या नावाने १९९३ मध्ये 'विंडोज एनटी'बरोबर आली. दोन्ही ठिकाणी मुभा असेल तरच माणूस आत जातो. दोहोंपैकी जी परवानगी अधिक कडक, तीच लागू होते. म्हणून 'मला पूर्ण परवानगी दिली आहे' असे कोणी सांगितले, तर 'ती दरवाजाची की खोलीची?' हा पहिला प्रश्न असतो. पुष्कळ कार्यालयांत दिंडी दरवाजा मुद्दामच मोकळा ठेवतात आणि खरा बंदोबस्त खोल्यांच्या कुलुपांवर सोपवतात. तसे केल्याने दोष शोधायची जागा एकच उरते, आणि ही पद्धत शहाणपणाचीच म्हटली पाहिजे.

खोलीच्या कुलुपाबाबत आणखी दोन शब्द समजून घ्यावे लागतात : मालकी आणि वारसा. जो फोल्डर निर्माण करतो तो सामान्यतः त्याचा मालक ठरतो. मालकाला वाचण्याची परवानगी नोंदलेली नसली, तरी ती स्वतःला देण्याचा हक्क त्याच्याकडे असतो. वारसा म्हणजे वरच्या फोल्डराचे नियम आतल्या फोल्डरांना आपोआप लागू होणे. येथे एक गंमत आहे. एखाद्या फाईलची नक्कल करून ती दुसऱ्या फोल्डरात ठेवली, तर ती नव्या घराचे नियम घेते. पण त्याच डिस्कवर तीच फाईल उचलून हलवली, तर ती सामान्यतः जुन्या घराचे नियम अंगावर घेऊनच येते. विभागाच्या सामायिक फोल्डरात एकच कागद फक्त एकालाच उघडतो आणि बाकीच्यांना उघडत नाही, या तक्रारीचे मूळ अनेकदा याच हलवण्यात सापडते.

आता एक प्रसंग पाहू. समजा, नोएडातील तयार कपडे निर्यात करणाऱ्या एका कार्यालयात विदर्भातून आलेली एक लेखनिक वेतनपत्रक तयार करते. सहा महिन्यांच्या प्रसूतिरजेनंतर ती परत आली आहे. महिनाअखेर आहे. दुपारपर्यंत वेतनपत्रक बँकेकडे गेले नाही, तर १८० कामगारांचे पगार लांबतील. ती आपल्या नावाने संगणकात प्रवेश करते. प्रवेश मिळतो, पण 'डॉक्युमेंट्स' रिकामा! सर्व्हरवर तिच्या नावाचा फोल्डर तर दिसतो आहे. उघडायला गेले की नकार.

झाले होते ते असे. ती रजेवर असताना कोणीतरी तिचे खाते काढून टाकले आणि परतल्यावर त्याच नावाने नवे खाते तयार केले. माणसाला दोन्ही नावे एकच वाटतात. संगणक मात्र नावाने ओळखतच नाही. तो प्रत्येक खात्याला एक लांबलचक ओळखक्रमांक देतो आणि सर्व परवानग्या त्या क्रमांकावर नोंदवतो. गावात एकाच नावाचे दोन गृहस्थ असले, तरी एकाचा सातबारा दुसऱ्याचा होत नाही, तसेच हे. जुना क्रमांक खात्याबरोबर गेला. फोल्डर अजून त्या क्रमांकाचीच वाट पाहत होता. अशा फोल्डराच्या परवानग्यांची यादी उघडली, तर नावाच्या जागी 'एस-१-५-२१' अशी सुरू होणारी आकड्यांची ओळ दिसते. जाणत्याला निदानासाठी तेवढी एक खूण पुरते.

रिकामा फोल्डर दिसण्याचे कारणही यातच आहे. नव्या खात्याची वाट सर्व्हरकडे वळवताना प्रणालीला तेथे त्याच नावाचा, पण परक्या मालकीचा फोल्डर आढळला. त्यामुळे वाट वळलीच नाही आणि 'डॉक्युमेंट्स' टेबलावरच्या संगणकातच राहिला. हा टप्पा सर्वांत धोक्याचा. घाईत लेखनिकेने त्या रिकाम्या फोल्डरात नवे वेतनपत्रक लिहायला घेतले, तर ते सर्व्हरवर जाणार नाही, रात्रीच्या जादा प्रतीतही येणार नाही, आणि पुढे दोन वेतनपत्रकांतील खरे कोणते, हा वाद उरेल.

पाठगत प्रश्न : लेखनिकेला प्रवेश मिळाला, तरी तिचे जुने कागद का उघडले नाहीत? एका वाक्यात लिहा.

अशा वेळी शेजारच्या टेबलावरचा कोणी हुशार सहकारी एक जलद उपाय सुचवतो : फोल्डरावर 'सर्वांना पूर्ण नियंत्रण' अशी परवानगी लावून टाका. फाईल तत्काळ उघडते, हे खरे. परंतु त्या क्षणापासून शिलाई विभागापासून गोदामापर्यंत ज्याच्यापाशी संगणक आहे, तो प्रत्येक जण कोणाचा पगार किती आणि कोणाच्या पगारातून कोणती कपात होते, हे वाचू शकतो. वाचणेच नव्हे, तर बदलू आणि पुसूही शकतो. ही परवानगी वारशाने खालच्या प्रत्येक फोल्डरात उतरते आणि काम झाल्यावर ती काढण्याची आठवण क्वचितच कोणाला राहते. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकातील माहितीपर्यंत पोहोचणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये दखलपात्र विषय आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. अडलेल्या फाईलच्या निमित्ताने दुसऱ्याच्या खोलीची कुलुपे उचकटू नयेत.

जाणता व्यवस्थापक निराळ्या रीतीने जातो. त्याच संगणकावर दुसऱ्या कर्मचाऱ्याने प्रवेश केला तर त्याचे कागद दिसतात का, आणि याच कर्मचारी स्त्रीने दुसऱ्या संगणकावरून प्रवेश केला तर काय होते, हे तो आधी पाहतो. दोष संगणकाचा की खात्याचा, हे एवढ्यानेच कळते. एखादी फाईल दुसऱ्या कोणी उघडून ठेवली असेल, तर तीही बदलता येत नाही. तो परवानगीचा दोष नव्हे. एखाद्याला नुकतेच नव्या गटात घेतले असेल, तर त्याला बाहेर पडून पुन्हा प्रवेश करायला सांगणे पुरते, कारण गटाची नोंद प्रवेशाच्या वेळीच तपासली जाते. प्रस्तुत प्रसंगात यांपैकी काहीच नव्हते. व्यवस्थापकाने प्रथम आहेत त्या परवानग्यांची नोंद 'आयकॅक्ल्स' या आज्ञेने एका फाईलमध्ये जपून ठेवली, मग त्या एकाच फोल्डराची मालकी आतील कागदांसह नव्या खात्याकडे दिली, आणि त्याच खात्याला वाचण्या-लिहिण्याची परवानगी दिली. इतर कोणाच्याही फोल्डराला हात लावला नाही. लेखनिकेने बाहेर पडून पुन्हा प्रवेश केला तेव्हा वाट वळली आणि वेतनपत्रक समोर आले.

हे सारे लवकर घडले, याचे निम्मे श्रेय लेखनिकेच्या तक्रार-टिपणाला द्यावे लागेल. 'संगणक चालत नाही' एवढेच लिहिणारे टिपण व्यवस्थापकाला अर्धा दिवस फिरवते. तिचे टिपण असे होते :

"महोदय, आज सकाळी ९.४० वाजता माझ्या नावाने प्रवेश केला. प्रवेश झाला, परंतु 'डॉक्युमेंट्स' फोल्डर रिकामा दिसतो. सर्व्हरवरील माझ्या नावाचा फोल्डर उघडताना परवानगी नाकारल्याचा संदेश येतो. त्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. शेजारच्या संगणकावरूनही तसेच घडले. त्या संगणकावर इतरांचे कागद नीट उघडतात. मी सहा महिने रजेवर होते. रिकाम्या फोल्डरात मी काहीही लिहिलेले नाही. वेतनपत्रक आज दुपारी २ वाजेपर्यंत बँकेकडे पाठवावयाचे आहे."

या टिपणात एकही तांत्रिक शब्द नाही. वेळ आहे, कृती आहे, संदेश आहे, काय तपासून पाहिले ते आहे आणि निकड आहे. 'मी सहा महिने रजेवर होते' हे वाक्य वरवर अनावश्यक वाटते, पण व्यवस्थापकाचे लक्ष खात्याकडे वळले ते त्याच वाक्याने.

शब्दार्थ
निदान – दोषाचे कारण ओळखणे. बिऱ्हाड – वाड्यात राहणारे कुटुंब व त्याची जागा. लेखनिक – कार्यालयातील लिहिण्याचे काम करणारी व्यक्ती. निकड – तातडीची गरज.

स्वाध्याय
१. 'दिंडी दरवाजा' आणि 'खोलीचे कुलूप' या उपमांतून कोणत्या दोन परवानग्या सूचित होतात?
२. नक्कल केलेल्या आणि हलवलेल्या फाईलच्या परवानग्यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
३. विभागाच्या सामायिक फोल्डरातील एक फाईल फक्त तुम्हांलाच उघडत नाही. व्यवस्थापकाला आठ ओळींचे तक्रार-टिपण लिहा.