अंतर नको, धाप विचारा

साठीनंतर समुद्रात पोहायला निघालेल्या माणसाला लोक अंतर विचारतात. आमच्या ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात चहावाल्यापासून औषधवाल्यापर्यंत सगळ्यांनी मला तेच विचारलं, "काका, किती किलोमीटर?" रक्तदाब किती, हे औषधवाल्यानंही विचारलं नाही.

ग्वाल्हेरला समुद्र नसला तरी पोहण्याचं वेड आहे. भिंड जिल्ह्यातल्या सत्येंद्रसिंह लोहिया यांनी २०१८ मध्ये दिव्यांग जलतरणपटूंच्या रिलेतून इंग्लिश खाडी पार केली, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि शहराच्या लष्कर भागातल्या आम्हा निवृत्तांच्या अंगातही वारं शिरलं. सरावाला तिघरा धरण कुणीतरी सुचवलं. तिथे मगरी आहेत. शिवाय ते शहराचं प्यायचं पाणी. म्हणून तयारी तरणतलावातच झाली आणि डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर उतरलो. तिथल्या सागरी स्पर्धेत प्रौढांचेही गट असतात.

सुरुवात झकास झाली. खारं पाणी अंग उचलून धरतं, हात हलके पडतात. मग धाप लागली. दमल्याची धाप मला ठाऊक आहे, वेग कमी केला की ती बसते. ही बसेना. वर खोकला, छातीत खुळखुळ. हात वर करून नाव बोलावली. रात्र उशांना टेकून खोकण्यात गेली. समुद्राचं पाणी छातीत गेलं, असं घरच्यांचं ठाम मत.

डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं. पाणी समुद्राचं नव्हतं, माझंच होतं. पाण्यात शिरलं की बाहेरचा दाब हातापायांतलं रक्त छातीकडे ढकलतो. पाणी गार असेल तर कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि हा लोंढा वाढतो. उतारवय, त्यात रक्तदाब, मग फुफ्फुसांतल्या बारीक वाहिन्यांना ताण सोसत नाही आणि रक्तातला द्रव हवेच्या पिशव्यांत झिरपतो. घट्ट वेटसूट आणि उतरण्याआधी घटाघटा प्यायलेलं पाणी त्यात भर घालतात. गोळी चालू आहे म्हणजे रक्तदाब गेला, हा हिशेब आपल्याकडे फार चालतो!

मुलं ऑटो थॅनिंगचं उदाहरण देतात. ७३ व्या वर्षी, २०१४ मध्ये, तो इंग्लिश खाडी पोहून गेला, हे खरंच. पण तो स्वतः हृदयाचा सर्जन, आणि १९९४ मध्येही ती खाडी पोहलेला. सुरुवातच साठीत करणाऱ्याने त्याचं वय बघू नये, मधली वीस वर्षं बघावीत.

तुम्ही उतरणार असाल तर आधी हृदयाची सोनोग्राफी करा आणि डॉक्टरांना 'पोहतो' एवढंच न सांगता 'समुद्रात, लांब पोहणार' असं सांगा. सराव किनाऱ्याला समांतर, सोबतीने, कमरेला भडक रंगाचा फ्लोट बांधून. भरती-ओहोटी गावातल्या मच्छीमाराला विचारा. पहिली काही मिनिटं मुद्दाम संथ जा. विश्रांतीनेही न बसणारी धाप, खोकला किंवा गुलाबी फेस दिसला तर किनारा कितीही जवळ असो, पोहणं तिथेच थांबवा, नाव बोलवा. असं एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता असते, त्यामुळे डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत पाण्याकडे फिरकायचं नाही. आणि किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला आधीच बजावून ठेवा: धाप लागलेल्याला आडवं करायचं नाही, बसवायचं, ओले कपडे काढायचे आणि चहा पाजत न बसता थेट दवाखाना गाठायचा.