चिलखत, वजन आणि आपलं दप्तर : गणिताचा एक तास

इयत्ता : ५ वी ते ७ वी
घटक : वस्तुमान, शेकडेवारी
साहित्य : वजनकाटा, फळा, मुलांची दप्तरं

शिक्षक मित्रांनो, अफजलखानाच्या भेटीला, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, हे मुलांना ठाऊकच असतं. त्यांना एक प्रश्न विचारा : चिलखतानं जीव वाचतो, मग प्रत्येक मावळा डोक्यापासून पायापर्यंत लोखंड घालून गड का चढत नव्हता? उत्तर लगेच येतं, "सर, पळता कसं येईल?"

हाच विचार 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात नियम म्हणून येतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. खेळाडू टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेतात. वजन त्यात पौंडात मोजतात. १ पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम.

२०१४ च्या आवृत्तीतली ही माहिती फळ्यावर लिहा :

चामड्याचं चिलखत : १० पौंड, बचाव ११
कड्यांचं चिलखत : ५५ पौंड, बचाव १६
पोलादी पत्र्याचं चिलखत : ६५ पौंड, बचाव १८

ओझ्याचा एक ऐच्छिक नियम असा : पात्राची ताकद १० असेल तर ५० पौंडांपर्यंत ते एका फेरीत ३० फूट चालतं. ५० च्या वर २० फूट, १०० च्या वर फक्त १० फूट.

कृती १ : प्रवासाचं सामान ठरलेलं आहे. दोर १०, पाण्याची पखाल ५, दहा दिवसांची शिदोरी २० पौंड. एकूण ३५. आता चिलखत निवडा.

चामड्याचं घेतलं तर ४५, वेग पूर्ण. कड्यांचं घेतलं तर ९०, वेग २०. पोलादी घेतलं तर बरोबर १००, अजून वेग २०. पण एक पौंडाची मशाल वाढवली की १०१, आणि वेग एकदम १० वर! इथं मुलं भांडायला लागतात. भांडू द्या. कारण सांगितल्याशिवाय निवड मान्य करायची नाही, एवढंच पाहा.

कृती २ : आता दप्तर काट्यावर. २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको. २८ किलोच्या मुलाला २.८ किलो. त्यातही ३ री ते ५ वीसाठी मर्यादा १.७ ते २.५ किलो आणि ६ वी-७ वीसाठी २ ते ३ किलो आहे. प्रत्येकानं आपली टक्केवारी स्वतः काढायची. मुलांची वजनं मात्र मोठ्यानं वाचू नका. कुणाला चिडवायला निमित्त नको.

मग यादी करा : आज यातलं काय वापरलं? एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो. शाळेत स्वच्छ पाणी असेल तर बाटली रिकामी आणली तरी चालते.

पालकांनो, खेळातलं पात्र आपलं ओझं स्वतः निवडतं. जिंतूरकडच्या तांड्यावरून चालत येणारं लेकरू ते निवडत नाही. त्याचं दप्तर आपण भरतो, कधी वेळापत्रकानं, कधी "असू दे, लागलं तर" म्हणून. म्हणून या तासाचा गृहपाठ आपल्यालाच : शिक्षकांनी उद्या लागणारी पुस्तकं आदल्या दिवशी फळ्यावर लिहायची, आणि घरी रात्री तेवढीच भरायची. आठवड्यानं दप्तर पुन्हा काट्यावर ठेवा. फरक मुलांनाच वजा करू द्या.