ज्याचं त्याचं खरं?

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३२



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात: स्वतःवरून जो सगळ्यांचं सुखदुःख ओळखतो, तो श्रेष्ठ योगी. अकोटला घरी जाऊन आल्यापासून हा श्लोक माझा पिच्छा सोडत नाहीये.

झालं असं, एकादशीला मी पोहे खाल्ले. आजी रागावली. मी म्हटलं, "आजी, ज्याचं त्याचं खरं असतं." विषय संपला.

दोन दिवसांनी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना चहा द्यायला मी हाताला लागला तो कप घेतला. आजीनं खिडकीतला वेगळा कप दाखवला. लहानपणापासून तो तिथेच आहे. मी वाद घालू लागले, तर ती शांतपणे म्हणाली, "तूच तं म्हनलं होतं ना माय, ज्याचं त्याचं खरं. मंग आमचंबी खरंच हाय."

मला उत्तर सुचलं नाही. मावशीच म्हणाल्या, "राहू द्या ताई, सवय झाली."

त्या रात्री गाडगेबाबा आठवले. आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ चा. तेव्हा त्यांना डेबूजी म्हणत. मुलीच्या बारशाला दारू-मटण द्यायची जातीची रीत होती. त्यांनी गोड जेवण वाढलं. रीत म्हणजे त्या सगळ्यांचं 'खरं'च होतं की! पण दारूनं वडील गेलेले, घर बसलेलं त्यांनी सोसलं होतं. आपल्या दुःखावरून त्यांना दुसऱ्याच्या घरातलं दुःख कळलं. पुढे पंढरपूरला त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, ती ज्यांना इतर ठिकाणी थारा नव्हता त्यांच्यासाठी.

मग मला फरक कळला. उपवास माझ्या पोटापुरता आहे, तिथे ज्याचं त्याचं चालेल. वेगळा कप दुसऱ्याच्या मनाला लागतो, तिथे नाही चालणार. आमच्या बाजारात कापूस मोजताना काटा कुणाचाही असो, किलो सगळ्यांना सारखाच लागतो. गीता काटा आपल्याच आत ठेवते, पण त्यावर सगळ्यांना तोलायला सांगते. तो कप मला कुणी दिला असता तर? बस, एवढंच विचारायचं. आणि सवय झाली म्हणजे दुखत नाही, असं थोडंच आहे?

दुसऱ्या दिवशी मी मावशींना आमच्यातल्या कपात चहा दिला आणि खिडकीतल्या कपातून मी प्यायले. आजी तेव्हा देवघरात होती. मुद्दाम गेली की काय, माहीत नाही. काही बोलली नाही.

पण आजीला शिकवून मी मोकळी होत नाही. पुण्यात माझ्या सोसायटीत कामवाल्या बायकांना वेगळी लिफ्ट आहे. तीन वर्षं मी तिथे राहतेय, एकदाही तोंड उघडलेलं नाही. तिथेही मी 'ज्याचं त्याचं' म्हणूनच गप्प बसले ना?

आजचा अभ्यास: "हे माझं वैयक्तिक मत आहे" असं आज म्हणाल तेव्हा क्षणभर थांबा. त्याची झळ कुणाला लागते, ते बघा. फक्त स्वतःलाच लागत असेल तर खुशाल पाळा. दुसऱ्याला लागत असेल तर त्याच्या जागी बसून पुन्हा विचार करा.

मी या रविवारी सोसायटीच्या मीटिंगला जाणार आहे. बोलायचं बळ मिळो, एवढंच पांडुरंगाकडे मागणं.

राम कृष्ण हरी!