‘धूमकेतू’ : विज्ञानकथेतील घर आणि वाङ्मयीन युक्ती

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेपासून डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या कथालेखनाला प्रारंभ झाला. त्यांच्या कथांची चर्चा बहुधा त्यांतील वैज्ञानिक कल्पनेभोवती फिरते. त्यांच्या वाङ्मयीन घडणीकडे त्यामानाने दुर्लक्ष झाले आहे. ‘धूमकेतू’ ही कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तिचे कथाबीज खगोलशास्त्रीय असले, तरी तिच्यातील प्रमुख वाङ्मयीन युक्ती कुटुंबजीवनातून आलेल्या आहेत.

कथानक थोडक्यात असे : हौशी आकाशनिरीक्षक दत्तादा नवा धूमकेतू शोधतात. धूमकेतू अशुभ असतो, असे त्यांच्या पत्नी इंद्राणीदेवींना वाटते. या समजुतीला आधार नाही, असे दत्तादा सांगतात. पुढे हाच धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याचा संभव असल्याचे गणिताने दिसते. इंग्लंडमधील गुप्त बैठकीत अण्वस्त्रसज्ज यान पाठवून त्याचा मार्ग बदलण्याचे ठरते. इकडे घरी शांतीसाठी यज्ञ होतो आणि त्यात नातू खोकन यालाही सहभागी करून घेतले जाते.

पहिली लक्षणीय युक्ती चेतनगुणोक्तीची होय. दत्तादांनी दुर्बिणीला लाडाचे नाव दिले आहे. पत्नीला मात्र ती नवऱ्याला भुरळ घालणारी स्त्री वाटते. सवतीच्या या परिचित कल्पनेमुळे यंत्र घरातील एक पात्र बनते. तंत्रज्ञानाविषयीची इंद्राणीदेवींची अढी अज्ञानातूनच नव्हे, तर दुरावलेल्या सहवासातूनही आली आहे, हे वाचकाला भाष्याविना कळते.

दुसरी युक्ती समांतर रचनेची. बैठक आणि यज्ञ यांचा हेतू एकच : संकटनिवारण. दोन्हीकडे तज्ज्ञ आहेत, दोन्हीकडे विधिनिषेध आहेत. या साम्यामुळे दोहोंतील भेद अधिक ठळक होतो. यानाची कृती गणिताने तपासता येते; यज्ञाची फलश्रुती कोणत्याही परिणामाशी जुळवून घेता येते. खोकनची योजना येथे अर्थपूर्ण ठरते. वाद केवळ पतिपत्नींचा राहत नाही. पुढील पिढी कोणाचा वारसा घेणार, हा प्रश्न उभा राहतो.

तिसरी आणि सर्वांत प्रभावी युक्ती उपरोधाची. धूमकेतूपासून भय नाही असे सांगणाऱ्यालाच त्याचे खरे भय कळते. संकट टळल्यावर श्रेय यज्ञाला मिळते. यानाची हकीकत वाचकाला ठाऊक असते, इंद्राणीदेवींना नसते. येथेच कथेचे मर्म आहे. घबराट टाळण्यासाठी स्वीकारलेली गुप्तता विज्ञानाला घरातील साक्षच देऊ देत नाही. अंधश्रद्धा टिकते ती केवळ अडाणीपणामुळे नव्हे. ज्ञान बंद दालनात राहते म्हणूनही टिकते. कथेकडे निव्वळ अंधश्रद्धानिर्मूलनाचे साधन म्हणून पाहिल्यास हा दुसरा अर्थ निसटतो.

कथेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. इंद्राणीदेवींचे अंतरंग पुरेसे उलगडत नाही. सवतीची कल्पना विनोदापुरती राहते आणि त्यांची बाजू युक्तिवादाच्या पातळीवर येत नाही. विवेक पुरुषाकडे व श्रद्धा स्त्रीकडे, ही रूढ विभागणी कथा मोडत नाही.

तरीही अध्यापनाच्या दृष्टीने तिचे मोल कमी होत नाही. शेवगावसारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यालाही ग्रहणकाळातील निषेध घरातूनच परिचित असतात आणि ते सांगणारी व्यक्ती बहुधा त्याच्या मायेची असते. विज्ञान वर्गात शिकता येते. घरी ते बोलायचे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे खराच असतो. ‘धूमकेतू’ त्याचे उत्तर देत नाही. त्या प्रश्नाला ती घराचे रूप देते, आणि याच ठिकाणी वैज्ञानिक माहितीची कथा होते.