बारावीचा जीवशास्त्राचा धडा आणि सिकलसेल

बारावीच्या जीवशास्त्रात आनुवंशिकतेचा धडा आहे. त्यात चार घरांचा एक चौकोन काढायचा असतो, त्याला पनेट चौकोन म्हणतात. मुले तो मेंडेलच्या वाटाण्यावर काढतात, गुण मिळवतात आणि विसरून जातात. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत तो चौकोन सिकलसेलवर काढून शिकावा, असे आम्हाला वाटते. हा आजार आपल्या घरांत आहे.

सिकल म्हणजे विळा. लाल पेशीतले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, फरक एवढाच. पण प्राणवायू सुटला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. साधी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी राहते, डोळे पिवळे दिसतात. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, सांधे असह्य दुखतात. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजतात. वस्तीत कोणी याला वात म्हणते, कोणी बाहेरचे म्हणून अंगारा लावते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे आम्ही पाहिले आहे.

आता चौकोन. प्रत्येकाकडे या हिमोग्लोबिनची दोन जनुके असतात, एक आईकडून आलेले, एक बापाकडून. चांगल्याला ए म्हणू, सिकलच्या जनुकाला एस. एए म्हणजे निरोगी. एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा काहीच त्रास नसतो, औषधही लागत नाही. एसएस म्हणजे रुग्ण. नवरा-बायको दोघेही एएस असतील तर चौकोनाच्या चार घरांत एक एए, दोन एएस आणि एक एसएस येते. एक एए आणि दुसरा एएस असेल तर एसएस मूल होत नाही.

विहारात हा चौकोन समजावत असताना एका आईने विचारले, "एक लेकरू आजारी निघालं, मंग आता पुढचे तीन चांगलेच होतीन ना?" हीच चूक बारावीची मुलेही करतात. आम्ही दोन नाणी काढली. छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस; एक नाणे आईचे, एक बापाचे. दोन्ही नाणी एकदम उडवायची, एक फेक म्हणजे एक बाळंतपण. दोन काटे आले की एसएस. चार फेकींत कधी ते एकदाही येत नाही, कधी लागोपाठ दोनदा येते. मागच्या फेकीत काय आले ते नाण्याला आठवत नाही. प्रत्येक गरोदरपणात चारात एक ही शक्यता नव्याने असते. घरी करून पाहा.

दोन काटे यायला दोन नाणी लागतात, हे सासूबाईंनाही दाखवा. आजारी लेकराचा दोष एकट्या सुनेवर टाकणाऱ्यांनी धडा वाचलेला नाही. हा "आपल्याच जातीचा रोग" म्हणणाऱ्यांनीही नाही. हे जनुक गोंड, माडिया, कुणबी, तेली यांच्यातही आहे, आफ्रिकेत आणि अरबस्तानातही आहे. वाहक मुले जीवघेण्या मलेरियातून जास्त वाचतात, म्हणून मलेरियाच्या मुलखांत ते टिकून राहिले.

तपासणीची सुरुवात सोल्युबिलिटी चाचणीने होते, बोटातले थेंबभर रक्त पुरते. द्रावण गढूळ झाले तर एस आहे एवढेच कळते. एएस की एसएस, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी सांगते. जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक असला तरी बाळाला असाच आजार होऊ शकतो, म्हणून ही दुसरी चाचणी टाळू नये. रक्त कमी दिसले म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. एसएस रुग्णाला फॉलिक आम्ल, लसी आणि हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळते. त्याने दुखण्याचे झटके कमी होतात.

सोयरीक जुळवताना आपण पत्रिका पाहत नाही, मग हा रिपोर्ट का लपवतो? मुलाचा आणि मुलीचा, दोघांचाही आधीच पाहावा. लग्न झाले असेल आणि दोघेही एएस असाल, तर दिवस गेल्याचे कळताच दोघांचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. बाळाची तपासणी साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून करता येते, उशीर केला तर निर्णयाला वेळ उरत नाही.